चुकारापत्रकांच्या पीडीएफना कोडमधून पासवर्ड लावणे : पद्धत कोणती, पासवर्ड कोणता?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संगणकाचे काम माझ्याकडे आहे. कापूस आणि तूर यांची खरेदी आम्ही करतो, आणि माल मोजून झाला की प्रत्येक सभासदाला त्याचे चुकारापत्रक पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्या पत्रकावर वजन, ओलावा, भाव, कपात आणि निव्वळ रक्कम यांच्याबरोबर बँकेचा खाते क्रमांकही असतो. गेल्या हंगामात काही पत्रके गावागावांच्या गटांत फिरली, आणि त्यानंतर ज्यांच्या चुकाऱ्याची रक्कम मोठी होती अशा काही जणांना बँकेतून बोलत असल्याचे सांगणारे फोन आले. एक वयस्क सभासद ओटीपी सांगण्याच्या बेतात असताना त्यांच्या नातीने फोन हातातून काढून घेतला, म्हणून त्यांचे पैसे वाचले. येत्या हंगामापासून प्रत्येक पत्रक पासवर्ड लावूनच पाठवायचे, असे आता संचालक मंडळाने ठरवले आहे.

पत्रके मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून तयार करते, त्यामुळे पासवर्डही तिथेच लागावा अशी इच्छा आहे. शेकडो पत्रकांना हाताने पासवर्ड लावणे शक्य नाही. कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरावी, पासवर्ड काय ठेवावा, आणि सभासद पासवर्ड विसरला तर काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवावी, असे मंडळातील बहुतेकांचे मत आहे.

धुरा

पऱ्हाटीताई, विषय महत्त्वाचा आहे, म्हणून आधी पाया स्पष्ट करतो.

पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड लागतात. एक फाइल उघडण्याचा, ज्याला ‘यूजर पासवर्ड’ म्हणतात. दुसरा मालकाचा, म्हणजे ‘ओनर पासवर्ड’, ज्याने छपाई, मजकूर उचलणे, बदल करणे यांवर बंधने घालता येतात. यांतला फरक न कळल्यामुळे अनेक कार्यालयांतून ‘सुरक्षित’ म्हणून बाहेर पडणाऱ्या फाइली प्रत्यक्षात उघड्याच असतात. फक्त ओनर पासवर्ड लावला आणि यूजर पासवर्ड रिकामा ठेवला, तर फाइल कोणीही उघडू शकतो, कारण ती उघडण्याची किल्ली रिकाम्या पासवर्डातूनच तयार होते. छपाई करू नये, मजकूर उचलू नये या सूचना पाळायच्या की नाही हे फाइल दाखवणारा प्रोग्राम ठरवतो, आणि क्यूपीडीएफसारखे मोफत साधन ती बंधने एका आज्ञेत काढून टाकते. तुमचा हेतू मजकूर लपवण्याचा आहे, म्हणून यूजर पासवर्ड लावल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याच्या पद्धतीच्या पिढीची. पीडीएफमध्ये सुरुवातीला आरसी-४ नावाचे, ४० बिटांच्या किल्लीचे एन्क्रिप्शन होते, २००१ च्या १.४ आवृत्तीत ते १२८ बिटांचे झाले आणि १.६ आवृत्तीत १२८ बिटांचे एईएस हे अधिक मजबूत एन्क्रिप्शन आले. २००८ मध्ये ॲक्रोबॅट ९ बरोबर २५६ बिटांचे एईएस आले खरे, परंतु त्यात पासवर्ड पडताळण्याची रीत इतकी हलकी होती की अंदाज करून पाहणाऱ्याचे काम आधीच्या पद्धतीपेक्षाही सोपे झाले. ती चूक या पद्धतीच्या पुढच्या, म्हणजे सहाव्या सुधारणेत (रिव्हिजन ६) दुरुस्त झाली. तिच्यात प्रत्येक अंदाज पडताळताना हॅश या गणिती प्रक्रियेच्या किमान ६४ फेऱ्या कराव्या लागतात. २०१७ च्या पीडीएफ २.० मानकात हीच पद्धत आहे. तुम्हाला हवी ती हीच, आणि कोडमध्ये ती स्पष्टपणे मागितली पाहिजे.

लायब्ररी म्हणून मी पाइकपीडीएफ सुचवीन. ती आतून क्यूपीडीएफच वापरते, आणि पासवर्ड दिला की न सांगताही सहावी सुधारणा निवडते. कोड इतकाच आहे : ‘ओपन’ने मूळ फाइल उघडायची आणि ‘सेव्ह’ करताना ‘एन्क्रिप्शन’ या नावाने यूजर व ओनर हे दोन पासवर्ड द्यायचे. पायपीडीएफ-२ ही जुनी लायब्ररी इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत दिसते, पण तिचे काम आता थांबले आहे आणि तिची जागा नुसत्या ‘पायपीडीएफ’ने घेतली आहे. ही ‘पायपीडीएफ’ वापरायची असेल तर ‘एन्क्रिप्ट’ला अल्गोरिदम म्हणून एईएस-२५६ असे लिहूनच द्यावे, न दिल्यास ती १२८ बिटांचे आरसी-४ लावते आणि फाइल पासवर्ड मागते, त्यामुळे सगळे नीट झाले असे वाटत राहते. एईएससाठी तिला ‘क्रिप्टोग्राफी’ ही वेगळी लायब्ररीही सोबत लागते.

संत्रापट्टा

मी वरुडकडे सेवा केंद्र चालवतो. ताई, जन्मतारीख ठेवू नका, एवढे आधी सांगतो.

रोज माझ्यासमोर ई-आधारच्या फाइली उघडल्या जातात. त्यांचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे वर्ष, हे आता सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या हाती फाइल पडते त्याला बहुधा नावही माहीत असते, मग उरते फक्त वर्ष. माणूस कोणत्या वयाचा आहे हे गावात कोणालाही सांगता येते, त्यामुळे दहा-पंधरा प्रयत्नांत फाइल उघडते. तुमच्या पत्रकाचे नेमके असेच होईल. मोबाइल क्रमांक ठेवण्यातही अर्थ नाही, कारण फाइल त्याच क्रमांकावर गेलेली असते आणि तो क्रमांक अर्ध्या गावाजवळ असतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पत्रक घेऊन माणूस झेरॉक्सच्या दुकानात किंवा आमच्याकडे येणारच, कारण बँकेत आणि पीककर्जाच्या प्रकरणात कागदच लागतो. तेव्हा छपाई बंद करून ठेवू नका. छपाई बंद केली की लोक स्क्रीनचे फोटो काढतात आणि ते फोटो पुन्हा गटांत फिरतात.

धुरा

संत्रापट्टाभाऊंचे म्हणणे आकड्यांनी मांडतो. दिवस, महिना आणि वर्ष धरून शंभर वर्षांच्या सगळ्या जन्मतारखा मोजल्या तरी त्या साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरतात. चार अंकी पिन म्हणजे १०,००० शक्यता, सहा अंकी म्हणजे १० लाख. इथे हे ध्यानात घ्यावे की पीडीएफच्या पासवर्डाला बँकेच्या पिनसारखी तीन प्रयत्नांची मर्यादा नसते. फाइल ज्याच्याजवळ आहे तो आपल्या संगणकावर, आपल्या सवडीने, लागतील तितके अंदाज करून पाहू शकतो, आणि त्याला अडवणारे किंवा त्याची खबर देणारे कोणीही नसते. सहाव्या सुधारणेने प्रत्येक अंदाज महाग केला असला, तरी १० लाख शक्यता हे साध्या संगणकाचे एका बैठकीचे काम आहे.

मग लांब पासवर्ड कोणता? इंग्रजी अक्षरे व अंक मिसळून, सारखी दिसणारी पाच चिन्हे, म्हणजे शून्य आणि ‘ओ’, एक, ‘आय’ आणि ‘एल’ वगळली तर ३१ चिन्हे उरतात. त्यांतून आठ चिन्हे यदृच्छेने निवडली की सुमारे ८५ हजार कोटी शक्यता होतात. परंतु इंग्रजी अक्षरे शोधून टाइप करणे आपल्या अनेक सभासदांना जड जाईल. म्हणून मी निव्वळ अंकांचा, पण १२ अंकांचा पासवर्ड सुचवतो. १२ अंकांच्या शक्यता एक लाख कोटी, म्हणजे वरच्या आठ चिन्हांपेक्षाही थोड्या जास्त भरतात, आणि फोनवर अंक दाबणे प्रत्येकाला येते. दर सेकंदाला १०,००० अंदाज धरले तरी सगळ्या शक्यता संपायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. सेकंदाला याच्या कितीतरी पट अंदाज करणारी यंत्रेही आहेत, हे खरे. पण एका चुकाऱ्यासाठी तेवढा खर्च करणारा माणूस तुमच्या सभासदाच्या मागे लागलेला नाही.

हे अंक माणसाने मनाने ठरवू नयेत. माणूस ठरवायला बसला की वर्षे, तारखा आणि गाडीचे क्रमांक येतात. पायथनमध्ये ‘रँडम’ हे मॉड्यूलही यासाठी नाही, कारण त्याचे पुरेसे आकडे हाती आले तर पुढचे ओळखता येतात. ३.६ आवृत्तीपासून ‘सीक्रेट्स’ नावाचे मॉड्यूल भाषेतच आहे, त्याचे ‘चॉइस’ बारा वेळा वापरावे.

पऱ्हाटी

धुराभाऊ, संत्रापट्टाभाऊ, मनापासून आभार. १२ अंकांची कल्पना मंडळापुढे ठेवली तेव्हा एका संचालकांनी योग्य शंका काढली की लोक तो आधार क्रमांक समजतील, कारण तोही १२ अंकी असतो आणि चार-चारच्या गटांत छापलेला असतो. कोणी तिथे खरोखर आधार क्रमांक टाकून पाहील, किंवा पासवर्ड सांगताना भलताच क्रमांक सांगून बसेल. यावर उपाय काय?

संत्रापट्टा

तीन-तीनचे चार गट करून छापा. आधारपेक्षा तो लगेच वेगळा दिसेल. खाली ‘मध्ये जागा सोडू नये’ असेही लिहा, नाहीतर लोक जागांसकट टाइप करतील. आणि फोनवर सांगण्याची वेळ आली तर एकेक अंक सांगायचा, जोडीने नाही. एकोणसत्तर की एकोणऐंशी, यात आमच्या काउंटरवर दिवसातून अनेकदा गोंधळ होतो.

वर्धेकाठ

मला एक वेगळी बाजू विचारायची आहे. पासवर्ड मराठीत का असू नये? प्रत्येक सभासदाला आपल्या शेताचे किंवा नाल्याचे नाव लक्षात राहते.

धुरा

वर्धेकाठ, ही इच्छा माझीही आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ती आज अशक्य नाही. जुन्या पद्धतींत पासवर्ड ३२ बाइटांपर्यंतच धरला जाई आणि त्यातली अक्षरे युरोपीय लिप्यांपुरतीच होती, त्यामुळे देवनागरीला जागाच नव्हती. २५६ बिटांच्या पद्धतीत पासवर्ड यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीत घेतला जातो आणि १२७ बाइट चालतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट घेते, म्हणजे ४२ चिन्हे बसतात.

अडचण निराळी आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून उमटतो, तर दुसऱ्या कीबोर्डवर साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह अशा तीन तुकड्यांनी उमटतो. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड आहेत. मानकात पासवर्ड एकसारखा करून घेण्याची पायरी सांगितली आहे. ती न दिसणारे जोडचिन्ह काढून टाकते, पण त्यानंतरही एका बाजूला ‘र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ऱ’ राहतोच. सभासदाने बरोबर शब्द टाइप केला आणि तरी फाइल उघडली नाही, तर तो स्वतःलाच दोष देईल, आणि हे मला सर्वांत वाईट वाटते. अंकांतही हाच धोका आहे. कीबोर्ड मराठीवर असेल तर काही फोनांवर देवनागरी अंक उमटतात, आणि देवनागरी सात व इंग्रजी सात पीडीएफला वेगळे असतात. म्हणून पासवर्डाच्या कागदावर ‘कीबोर्ड इंग्रजी करावा’ ही सूचना ठळक असावी.

शेताच्या नावाबद्दल सांगायचे तर ते शेजारच्यालाही माहीत असते, म्हणून मराठी शक्य असले तरी नावे नकोत.

बचतगटाची वही

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या बचत गटांच्या संघाचे कर्जखाते एक्सेलमध्ये आहे. ओपनपायएक्सेल ही पायथनची लायब्ररी वापरून शीटला पासवर्ड लावण्याचा कोड एका ओळखीच्या मुलाने लिहून दिला आहे, आणि फाइल आता बदलता येत नाही. हे पुरेसे आहे का?

धुरा

ताई, ते पुरेसे नाही, आणि ही समजूत फार पसरलेली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. एक्सेलची आजची फाइल म्हणजे आतून एक झिप असते. शीटला ‘संरक्षण’ दिले की त्या झिपमधल्या एका मजकूर-फाइलीत एक खूण जोडली जाते आणि एक्सेल ती पाहून बदल करू देत नाही. आकडे मात्र जसेच्या तसे, वाचता येतील असे, आत असतात. ती खूण खोडली की संरक्षण संपले. पासवर्ड माहीत असण्याची गरजच नसते. चुकून सूत्र पुसले जाऊ नये यासाठी ती सोय चांगली आहे, कोणाच्या कर्जाची बाकी लपवण्यासाठी नाही. त्यासाठी एक्सेलमध्येच फाइल जतन करताना ‘पासवर्डने एन्क्रिप्ट करा’ हा पर्याय घ्यावा लागतो, त्यात संपूर्ण फाइल एईएसने बंद होते. ओपनपायएक्सेल हे करत नाही.

हेच झिपबद्दल. पायथनसोबत येणारे ‘झिपफाइल’ पासवर्ड लावलेली झिप उघडू शकते, तयार करू शकत नाही. शिवाय झिपची जुनी पासवर्ड-पद्धत १९९४ मध्येच भेदून दाखवली गेली आहे. झिपच हवी असेल तर सेव्हन-झिपमधून एईएस-२५६ निवडावे, आणि झिप प्रकारात आतल्या फाइलींची नावे पासवर्डाशिवायही दिसतात, हे विसरू नये.

संत्रापट्टा

नावांचा मुद्दा निघालाच आहे तर ताई, पत्रकाच्या फाइलीच्या नावात खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक घालू नका. पासवर्ड आतल्या मजकुराला लागतो, नाव तर व्हॉट्सॲपवर सगळ्यांना दिसते. आणि पत्रकावर पूर्ण खाते क्रमांक छापणे खरेच आवश्यक आहे का? शेवटचे चार अंक दिले तर सभासदाला आपले खाते ओळखता येते.

पऱ्हाटी

ही सूचना लगेच अमलात आणते. पत्रकाच्या नमुन्यात फक्त शेवटचे चार अंक ठेवले आहेत.

आता पासवर्ड पोहोचवण्याबद्दल. फाइलीसोबत त्याच व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवणे निरर्थक ठरेल, म्हणून आमसभेत सह्या घेताना प्रत्येकाला बंद पाकिटात पासवर्डाची चिठ्ठी द्यायची, आणि तोच पासवर्ड त्या संपूर्ण हंगामासाठी ठेवायचा, असे ठरत आहे. दर पत्रकाला नवा पासवर्ड अधिक चांगला, हे कळते. पण वेचणी चालू असताना सभासदाला दर वेळी कार्यालयात बोलावणे योग्य वाटत नाही. आमसभेला न आलेल्यांना चिठ्ठी ओळख पाहून हातात द्यायची, फोनवर नाही.

सभासद चिठ्ठी हरवेल तेव्हा काय करावे, हे मात्र ठरत नाही. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

वर्धेकाठ

पासवर्ड साठवूच नयेत. कंपनीची एक गुप्त किल्ली ठरवावी आणि सभासद क्रमांक व हंगाम यांच्यावर एचमॅक शा-२५६ ही गुप्त किल्ली वापरणारी हॅशची रीत चालवून, निघालेल्या संख्येतून १२ अंक घ्यावेत. तोच सभासद आणि तोच हंगाम दिला की तोच पासवर्ड पुन्हा निघतो, वही लागत नाही, आणि किल्ली माहीत नसलेल्याला ते अंक यदृच्छेनेच आल्यासारखे दिसतात.

धुरा

वर्धेकाठ यांची रीत शास्त्रशुद्ध आहे, पण या ठिकाणी मी ती निवडणार नाही. ती किल्ली कोडमध्ये लिहिली जाईल, कोड कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर जाईल, आणि एका किल्लीसोबत सर्व सभासदांचे सर्व हंगामांचे पासवर्ड बाहेर जातील. छोट्या कार्यालयात किल्ली सांभाळणारा वेगळा माणूस नसतो. माझ्या मते मूळ पत्रके, पासवर्ड न लावलेली, कार्यालयाच्या एका एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ठेवावीत, आणि त्या हंगामाची पासवर्डांची यादीही तिथेच ठेवावी. चिठ्ठी हरवली तर नवा पासवर्ड काढून मूळ फाइलीवरून नवे पत्रक करून द्यावे. पीडीएफमध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ अशी सोय नाही. मूळ फाइल हीच एकमेव सोय आहे.

ओनर पासवर्डाबद्दलही सांगतो. सर्व पत्रकांना एकच ओनर पासवर्ड ठेवण्याचा मोह होतो. तो करू नये, कारण ओनर पासवर्डानेही फाइल उघडते, आणि तो एक फुटला तर सगळी पत्रके उघडतात. मूळ फाइली तुमच्याजवळ आहेतच, म्हणून प्रत्येक पत्रकाला ३२ चिन्हांचा वेगळा यादृच्छिक ओनर पासवर्ड कोडने लावावा आणि कुठेही साठवू नये. तो रिकामा मात्र सोडू नये. २५६ बिटांच्या पद्धतीत यूजर पासवर्ड असून ओनर रिकामा असेल तर क्यूपीडीएफ स्वतःच त्याला असुरक्षित म्हणून नकार देते.

वर्धेकाठ

पेनड्राइव्हचा मुद्दा मान्य आहे. कार्यालयाची परिस्थिती पाहता मूळ फाइल जपणे अधिक बरे.

पऱ्हाटी

कोड लिहून झाला. काही पत्रकांवर चाचणी घेतली तेव्हा बहुतेक उघडली, पण थोडी उघडली नाहीत. पासवर्ड मी एक्सेलच्या यादीतून वाचते. यादीत पाहिले तर न उघडलेल्या पत्रकांचे पासवर्ड ११ अंकीच दिसतात.

धुरा

ज्यांचा पहिला अंक शून्य होता तीच ही पत्रके असणार. एक्सेल त्या स्तंभाला संख्या समजते आणि पुढचे शून्य गाळते, आणि पायथनच्या पांडाज या लायब्ररीने वाचतानाही तसेच होते. स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ प्रकारचा करावा, आणि पांडाजने वाचताना त्या स्तंभाचा प्रकार मजकूर आहे असे सांगावे. त्याहून चांगले म्हणजे पासवर्ड तयार करणे, चिठ्ठी छापणे आणि फाइलीला लावणे ही तीनही कामे एकाच वेळी एकाच कोडमध्ये व्हावीत, म्हणजे चिठ्ठीवरचा आणि फाइलीचा पासवर्ड वेगळा पडण्याची शक्यताच राहणार नाही.

पाठवण्यापूर्वी कोडनेच तपासणी करावी. प्रत्येक फाइल आधी पासवर्डाशिवाय उघडून पाहावी; पाइकपीडीएफने ‘पासवर्ड एरर’ दिला पाहिजे, दिला नाही तर ती फाइल बाजूला काढावी. मग पासवर्ड देऊन उघडावी आणि ‘एन्क्रिप्शन’च्या माहितीत सुधारणा क्रमांक सहा आहे ना हे पाहावे. शेवटची तपासणी माझ्या मते सर्वांत आवश्यक आहे. पत्रक तयार करताना सभासद क्रमांक फाइलीच्या ‘टायटल’मध्ये घालून ठेवावा, मजकुरासोबत तोही एन्क्रिप्ट होतो. फाइल उघडल्यावर तो क्रमांक आणि ज्या मोबाइलवर ती जाणार आहे त्या ओळीतला सभासद क्रमांक जुळतो का, हे पाहावे. यादी मध्येच एका ओळीने सरकली तर एकाचे पत्रक दुसऱ्याला जाते, आणि तेव्हा पासवर्डही त्याच्या चिठ्ठीतला असू शकतो.

पऱ्हाटी

तीनही तपासण्या जोडल्या. पासवर्डाचा स्तंभ मजकूर केल्यावर आधी न उघडलेली पत्रकेही आता उघडत आहेत. सभासद क्रमांकाच्या तपासणीत एक पत्रक अडकले : बाप-लेक दोघेही सभासद असून दोघांचा मोबाइल एकच आहे. त्या दोघांच्या फाइली एकाच क्रमांकावर जातील, पण चिठ्ठ्या वेगवेगळ्या देणार आहे.